बारीच्या मालकिणी आणि कोरियाच्या मुली

कोल्हापूर परिसरातल्या शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये अलीकडे दोन नाच हमखास असतात. एक नऊवारीतली लावणी. दुसरा सैल पँट-टीशर्टातल्या चार-पाच मुलींचा, ब्लॅकपिंक किंवा ट्वाइस या कोरियन ग्रुपांच्या गाण्यावरचा. शिट्ट्या दोन्हींना सारख्याच पडतात, खुर्च्यांवरची कुजबुज मात्र वेगळी असते. लावणी चालू असताना कुणीतरी ‘जरा जास्तच होतंय’ म्हणते. कोरियन नाचाला ‘पोरी एवढ्या एकसारख्या नाचतात कशा?’ असे कौतुक मिळते. एकीकडे शोभते की नाही याची चिंता, दुसरीकडे तालमीचे नवल.

दोन्ही कुजबुजींच्या मुळाशी जाणारा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तरुण मुलींचा संच उभा करायचा, त्यांना घडवायचे, नावारूपाला आणायचे हे काम कोण करते? येणाऱ्या पैशावर हक्क कोणाचा? आणि मुलींचे वय उतरल्यावर पुढे काय? महाराष्ट्रात संगीत बारीच्या, म्हणजे लावणीच्या गाण्या-नाचाच्या कार्यक्रमाच्या, निमित्ताने हा वाद पाऊणशे वर्षांहून अधिक काळ या ना त्या रूपात चालू आहे. दक्षिण कोरियात तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत कोर्टापर्यंत आणि संसदेपर्यंत गेला. दोन्हीकडे आज काय स्थिती आहे, ते इथे पाहायचे आहे.

कोल्हापूरचा वाटा

लावणीतल्या नामवंत बायकांची नावे आठवली की गावे येतात ती नारायणगाव, संगमनेर, वाई, सातारा, पुणे, नगर अशी. कोल्हापूरचा वाटा निराळा आहे. आपण लावणी नाचवली कमी, लिहिली आणि पडद्यावर दाखवली जास्त.

राजर्षी शाहू महाराजांनी गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना आश्रय दिला, अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारात आणले, १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ज्या केशवरावांचे नाव त्याला आहे त्यांची कीर्ती सुरुवातीला झाली ती ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेमुळे. त्या काळच्या संगीत रंगभूमीवरची बाई बहुधा पुरुषच असे. तमाशातही आधी नाच्या पोऱ्याच होता. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांबरोबर पवळाबाई फडावर उभ्या राहिल्या, त्या या कलेतल्या पहिल्या गाजलेल्या स्त्री कलावंतांपैकी एक.

मग सिनेमा आला. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’चे दिग्दर्शक अनंत माने कोल्हापूरचे. पुण्यात हा चित्रपट १३१ आठवडे चालला आणि तमाशापटांची रांग लागली. १९७२ च्या ‘पिंजरा’चे व्ही. शांताराम मूळचे इथलेच. त्याची कथा अनंत मान्यांची, संवाद पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे, गीते जगदीश खेबुडकरांची. ‘नटरंग’ ही कादंबरी कागलच्या आनंद यादवांची. तिच्यावरचा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी आला. म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ‘तमाशातली बाई’ म्हणून जी मूर्ती उभी राहते, ती घडवणारे बरेचसे हात याच जिल्ह्यातले आहेत.

या चित्रपटांची कारागिरी वादातीत आहे. कथा मात्र बहुतेकदा पुरुषाची असते. ‘पिंजरा’त ती एका मास्तरांच्या घसरणीची आहे, ‘नटरंग’मध्ये नाच्या होऊ पाहणाऱ्या गुणाची. नाचणारी बाई मोहात पाडते, पश्चात्ताप करते, जीव टाकते. तिची पार्टी चालते कशी, तिच्या हाताखाली किती माणसे पोसली जातात, थिएटरवाल्याला किती द्यावे लागते, हे पडद्यावर क्वचितच दिसते. त्यामुळे हिशेबाची बाजू आपल्या चर्चेत मुळातच लंगडी राहिली आहे.

बारी चालते कशी

तमाशाचे ढोबळ दोन प्रकार. ढोलकी फडात गण, गौळण, बतावणी, वग असा सगळा ऐवज असतो, सोंगाड्या असतो, यात्रेच्या हंगामात तंबू घेऊन गावोगाव फिरायचे असते. विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे ही त्या परंपरेतली नावे. संगीत बारीत वग नाही; गाणे, नाच आणि अदा हाच कार्यक्रम. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या थिएटरांत, म्हणजे आताच्या कला केंद्रांत, एकाच वेळी अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि पाळीपाळीने मंचावर येतात.

पार्टी बहुधा एका घरातली असते: मायलेकी, मावश्या, मामेबहिणी, सोबत पेटीमास्तर, ढोलकीवाला, तबलजी. नावेही तशीच, बहिणींच्या जोडीची. छाया-माया खुटेगावकर, लता-सुरेखा पुणेकर. पार्टीची प्रमुख ती मालकीण. कोण कुठल्या गाण्याला उभी राहील, नवीन मुलगी कधी पुढे येईल, वाटा किती, हे ती ठरवते. परंपरेने बारीत मोठा भरणा कोल्हाटी समाजातल्या बायकांचा. नाचणारीने लग्न करायचे नाही असा दंडक होता, घर तिच्या कमाईवर चाले आणि मुलांना आईचे नाव लागे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये या घराची दुसरी बाजू लिहिली: बहिणीच्या पैशावर बसून खाणारे भाऊ, वयात येताच मुलीचा होणारा सौदा, शिकू पाहणाऱ्या मुलाची फरपट. मालकीण बाई होती म्हणून सगळे बायांच्या हातात होते, असे मानायला हे पुस्तक जागा ठेवत नाही.

शिक्षण घरातच. बैठकीच्या लावणीत मांडी घालून बसलेल्या बाईने एकच ओळ दहा तऱ्हांनी दाखवायची असते. भुवई, मान, पदराचे टोक, बोटे एवढ्याच साधनांवर. वाईच्या यमुनाबाई वाईकर यात अव्वल मानल्या जात. त्यांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. उभ्याच्या लावणीत भार पायावर येतो. चाळ बांधण्याआधी घोट्याभोवती कापडाच्या घड्या गुंडाळतात, नाहीतर घुंगरांची चामडी पट्टी कातडी सोलते. त्यावर काही किलोंचे ओझे चढवून तास-दोन तास ठेका धरायचा. वर्षानुवर्षे चाळ बांधलेल्या बाईचा घोटा पाहिला तर कातडीचा रंग तेवढ्या पट्ट्यात बदललेला दिसतो.

पैशाचे मार्ग तीन: तिकिटातला वाटा, दौलतजादा (प्रेक्षकांनी दिलेली बक्षिशी) आणि खासगी बैठक. आणि पार्टीला किंवा मुलीला आगाऊ मिळणारी रक्कम म्हणजे उचल. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या वाचकाला उचल म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. ती फिटेपर्यंत पाय अडकलेला असतो.

कोरियातली वाट

कोरियातही सुरुवात मानाच्या जागेवरून झालेली नाही. तिथल्या गिसेंग या राजदरबारी आणि मैफलीत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका. जपानी अंमलात त्यांच्या शिक्षणाच्या आणि कामाच्या संघटना होत्या. ग्रामोफोन आला तेव्हा पहिल्या लोकप्रिय गायिकांत त्यांच्यातल्याच काही होत्या. प्याँगयांगची वांग सू-बोक हे त्यातले ठळक नाव. १९३० च्या दशकात ‘जॉगोरी सिस्टर्स’ नावाने एक संच गात असे. त्यातली ली नान-यंग ही मोठी गायिका. कोरियन युद्धात तिचा नवरा, संगीतकार किम हे-सोंग, उत्तरेकडे नेला गेला. पोट भरायला तिने आपल्या दोन मुली आणि एक भाची यांना अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांत गायला उभे केले. इंग्रजी येत नव्हते, गाणी उच्चारावरून पाठ केलेली. या ‘किम सिस्टर्स’ १९५९ मध्ये लास व्हेगासच्या थंडरबर्ड हॉटेलात पोचल्या आणि पुढे एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा झळकल्या. घरातल्या मुली, शिकवणारी आई, परक्या पुरुषांचा प्रेक्षकवर्ग: इथपर्यंतची कथा आपल्या बारीतल्या बाईला अनोळखी वाटणार नाही.

फाटा फुटला तो १९९० च्या दशकात. घराची जागा कंपनीने घेतली. एसएम एंटरटेनमेंटने १९९७ मध्ये एस.ई.एस. हा तीन मुलींचा ग्रुप आणला. त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकटाने कोरिया कोलमडला आणि त्यातून सावरताना सरकारने संस्कृतीकडे उद्योग म्हणून पाहायला सुरुवात केली. २००७ मध्ये वंडर गर्ल्स आणि गर्ल्स जनरेशन आल्या. २००९ मध्ये वंडर गर्ल्सचे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत ७६ व्या जागी पोचले. कोरियन कलावंतांत हा पहिलाच प्रवेश.

ब्लॅकपिंकची कारकीर्द या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला नमुना. ग्रुपात चौघी: जिसू, जेनी, रोझे आणि लिसा. जेनीचे काही बालपण न्यूझीलंडमध्ये गेले, रोझे ऑस्ट्रेलियात वाढली, लिसा थायलंडची. वायजी एंटरटेनमेंटने त्यांना चार ते सहा वर्षे प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये प्रेक्षकांपुढे आणले. गाणी मोजकी, मधली अंतरे मोठी, प्रत्येक व्हिडिओ मात्र उत्सवासारखा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात गाणारा कोरियन मुलींचा पहिला ग्रुप त्यांचा ठरला. २०२३ मध्ये त्याच महोत्सवाच्या त्या मुख्य आकर्षण होत्या. मधल्या काळात, २०२२ मध्ये, ‘बॉर्न पिंक’ हा अल्बम बिलबोर्ड २०० यादीत अव्वल आला.

या ग्रुपांचे एक साधन विशेष पाहण्यासारखे आहे. गाणे आले की काही दिवसांत त्याच नाचाचा तालमीचा व्हिडिओ येतो. रिकामी खोली, एका जागी ठेवलेला कॅमेरा, साधे कपडे. जगभरच्या मुली हा व्हिडिओ पाहून तो नाच पायरी-पायरीने शिकतात. आपल्या गॅदरिंगमधला नाचही बहुधा इथूनच आलेला असतो. बारीत अदा मावशीकडून भाचीकडे जाते आणि घराबाहेर पडत नाही. कोरियन कंपनी ती फुकट वाटते आणि त्यातून प्रेक्षक तयार करते. भारतातून तिकडे पोचलेली पहिली आयडॉल म्हणून ओळखली जाणारी श्रेया लेंका ओडिशाची आहे. २०२२ मध्ये ती ब्लॅकस्वान या ग्रुपमध्ये दाखल झाली.

वादातल्या भूमिका

आपल्याकडची सगळ्यात जुनी भूमिका सुधारणेची. बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली, मग सुधारणा समिती, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर परवानगी. अश्लील वगळले तर ही कला टिकवण्याजोगी आहे, असा हा विचार. नव्वदच्या दशकात सुरू झालेली अकलूजची लावणी स्पर्धा आणि सरकारी लावणी महोत्सव याच वाटेवरचे. त्यांच्यामुळे घरच्या बायकांनी समोर बसून लावणी पाहिली, ही छोटी गोष्ट नव्हे. ज्या बैठकीवर अनेक घरे जगत होती तिचे काय करायचे, हे मात्र या भूमिकेने सांगितले नाही.

दुसरी भूमिका जातीच्या बाजूने पाहणारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९३६ मध्ये मुंबईत मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे भाषण करून तो जीवनक्रम सोडण्याचे आवाहन केले होते. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात मांडले की पेशवाईतल्या शृंगारिक लावणीने खालच्या जातीची बाई सदा आसुसलेली असते अशी प्रतिमा उभी केली आणि तिच्या श्रमावर, शरीरावर हक्क सांगणे सोपे केले. पुढे सिनेमाने लावणी उचलली तेव्हा पडद्यावर दुसऱ्याच बायका आल्या आणि परंपरेने नाचणाऱ्या मागे पडल्या. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या इंग्रजी ग्रंथात हाच धागा पुढे नेला. ‘अश्लील’ हा शिक्का जातीच्या उतरंडीतून येतो, आणि तमाशातल्या दलित बाया त्याच शिक्क्याखाली माणुसकीसाठी धडपडतात, असे त्यांचे म्हणणे. सुधारकांनी या बायांवर टाकलेले ओझेही त्या दाखवतात. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

तिसरी भूमिका कलेपासून सुरुवात करते. भूषण कोरगांवकरांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक, सावित्री मेधातुल यांचा माहितीपट आणि दोघांनी मिळून उभा केलेला रंगमंचीय प्रयोग ही तिची महत्त्वाची उदाहरणे. इथे शकुंतला नगरकर, मोहनाबाई महाळंग्रेकर यांच्यासारख्या कलावंत स्वतः बोलतात, हसतात, आपल्या धंद्यातल्या खाचाखोचा सांगतात. बारीतल्या बाईला केवळ बळी समजू नका, असा आग्रह. यावर आक्षेप असा की शहरी नाट्यगृहात तिकीट काढून पाहिलेली बारी आणि चौफुल्याला रात्री दोन वाजता चाललेली बारी एक नव्हेत. माझ्या मते आक्षेप खरा आहे, पण त्याने त्या बायकांच्या बोलण्याचे मोल कमी होत नाही.

चौथी भूमिका मांडणारे अजून कुणी लेखक नाहीत. ती मंडपात आणि मोबाइलवर मांडली जाते. गौतमी पाटील यांचा उदय हे तिचे उदाहरण. बारीच्या घराण्यातून न आलेली, ढोलकीपेक्षा डीजेवर नाचणारी, समाजमाध्यमांतून थेट गावोगावच्या मैदानांवर पोचलेली कलावंत. त्यांच्या हावभावांवर टीका झाली, ज्येष्ठ लावणी कलावंतांनी नाराजी बोलून दाखवली, त्यांनी माफीही मागितली. गर्दी हटली नाही. ही लावणी आहे का, यावर भरपूर बोलले गेले. एका कार्यक्रमाच्या पैशाची वाटणी कशी होते, यावर फारच कमी.

कोरियातला वाद नेमका त्या वाटणीभोवती फिरतो. जॉन ली यांच्यासारखे अभ्यासक के-पॉपला निर्यातीसाठी घडवलेला, जुन्या कोरियन संगीताशी नाते तोडलेला माल म्हणून पाहतात आणि त्यातली उद्योजकताही मान्य करतात. गूयाँग किम मुलींच्या ग्रुपांना सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कापड गिरण्यांतल्या तरुण कामगार मुलींच्या ओळीत बसवतात. चाहत्यांचे आणि काही स्त्रीवादी लेखिकांचे म्हणणे वेगळे: या मुलींनी आशियाई बाईला जगाच्या मंचावर मध्यभागी उभे केले, त्यांना कळसूत्री बाहुल्या म्हणणे हाच अपमान आहे. २०१९ च्या शरदात सुली आणि गू हारा या दोन लोकप्रिय गायिकांनी पाठोपाठ जीवन संपवल्यावर मात्र कंपन्यांची शिस्त आणि इंटरनेटवरची छळवणूक यांबद्दल दोन्ही बाजूंचे लोक एका सुरात बोलले.

करार आणि कागद

कोरियात प्रशिक्षणाचा, राहण्याखाण्याचा खर्च कंपनी करते आणि ग्रुप चालू लागला की अनेकदा कमाईतून तो आधी वळता करून घेते. ती उचलच म्हणायची, फक्त कागदोपत्री. २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू या मुलांच्या ग्रुपमधल्या तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्ट गाठले. त्याच वर्षी तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने नमुना करार काढला आणि मुदत सात वर्षांवर आणली. तेव्हापासून सातवे वर्ष हा ग्रुपांचा कसोटीचा काळ ठरला. ब्लॅकपिंकने २०२३ च्या डिसेंबरात मधला मार्ग काढला: ग्रुपचे काम वायजीकडे, प्रत्येकीचे स्वतंत्र काम तिच्या स्वतःच्या मार्गाने. जेनी आणि लिसा यांनी तर आपल्या कंपन्याच काढल्या. म्हणजे मालकिणी झाल्या, पण कंपनीच्या तालमीतून बाहेर पडल्यावर.

न्यूजीन्सचे प्रकरण उलट गेले. २०२२ मध्ये आलेल्या पाच मुलींच्या या ग्रुपने नोव्हेंबर २०२४ मध्ये अडॉर कंपनीशी करार संपल्याचे जाहीर केले. त्यांना घडवणाऱ्या मिन ही-जिन यांचे अडॉरची मूळ कंपनी हाइबशी बिनसले होते. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी सोलच्या कोर्टाने करार वैध ठरवला. त्याआधी या ग्रुपमधली हानी संसदीय समितीपुढे कामाच्या ठिकाणच्या वागणुकीबद्दल बोलली होती. त्यावर कामगार मंत्रालयाने निर्वाळा दिला की कामगार कायद्याच्या व्याख्येत ती ‘कामगार’ म्हणून बसतच नाही.

आपल्याकडे असा वाद कोर्टात नेण्याइतका कागदच बहुधा नसतो. उचल आणि वाटा बोलीवर ठरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये सादरकर्त्यांच्या हक्कांना जागा मिळाली, तरी बारीच्या मंचासमोर मोबाइल धरून केलेल्या चित्रणाला लाखो लोक पाहतात तेव्हा पैसा चित्रण करणाऱ्याच्या चॅनेलला जातो. २०२३ मध्ये गौतमी पाटील यांचे कपडे बदलतानाचे चित्रण चोरून पसरवले गेले. गुन्हा नोंदला गेला, महिला आयोगाने दखल घेतली. कार्यक्रमाच्या ठिकाणी कलावंतांना बंद दाराची सुरक्षित खोली देण्याची जबाबदारी संयोजकाची, असा पक्का नियम व्हावा अशी मागणी त्यातून जोर धरायला हवी होती. चर्चा पुन्हा हावभावांवरच आली.

मालकीण असलेली घरातली पार्टी बरी की कागद असलेली कंपनी, याचा निवाडा उपलब्ध पुराव्यावर करता येत नाही. घराला हिशेब नाही आणि कंपनीला नाते नाही. पार्टीतल्या मुलींचे उत्पन्न, उचल, आजारपण, शिक्षण यांची सलग पाहणी हाती आल्याशिवाय आपल्या बाजूचे बोलणे आठवणी आणि मुलाखती यांच्यापुढे जाणार नाही.

वयाचा प्रश्नही तसाच लोंबकळत आहे. राज्य सरकारच्या वृद्ध कलावंत मानधन योजनेला २०२४ पासून राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि मानधन दरमहा ५ हजार रुपये आहे. त्यासाठी वयाची साधारण अट ५० वर्षांची. बारीत पुढे उभी राहणारी मुलगी तिशी-पस्तिशीत मागच्या रांगेत जाते, मग गाण्यावर किंवा स्वयंपाकावर. कोरियात सतराव्या वर्षी मंचावर आलेल्या मुलीचा सात वर्षांचा करार चोविसाव्या वर्षी संपतो, आणि हाती अनेकदा शाळेपुढचे शिक्षण नसते. तिथे कंपनीने करारानंतरच्या काळासाठी काही बाजूला ठेवावे का, आणि इथे मानधनाची अट कलावंताच्या वयाऐवजी तिच्या कामाच्या वर्षांवर लावावी का, हे दोन प्रश्न सध्या अनुत्तरित आहेत.